इटालियन कॉन्सेप्ट बाइक आणि चाहत्यांची मतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की मिलानहून नव्या बाइकचे फोटो यायला लागतात, आणि रविवारच्या राइडनंतर चहाच्या टपरीवर तोच विषय निघतो. ही फ्रेम का बदलली, तो दिवा असा का, हिला आरसे लावणार कुठे. नव्याने या नादाला लागलेली मुलंमुली दरवर्षी साधारण तेच प्रश्न विचारतात आणि ते प्रश्न चांगले असतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. जिथे चाहत्यांत दोन तट आहेत तिथे दोन्ही बाजू सांगितल्या आहेत, आणि मी कुठल्या बाजूला आहे तेही लपवलेलं नाही.

कॉन्सेप्ट बाइक म्हणजे नेमकं काय?

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात, आणि निम्मे वाद त्यामुळेच होतात. पहिला प्रकार म्हणजे निव्वळ कल्पना. क्ले आणि फायबरचं शिल्प असतं. आत इंजिन असेलच असं नाही, असलं तरी ते चालू होईलच असं नाही. दुसरा प्रकार चालणाऱ्या प्रोटोटाइपचा: गाडी धावते, पण ती विकायची की नाही हे कंपनीचं ठरलेलं नसतं. तिसरा प्रकार म्हणजे जवळजवळ तयार झालेली गाडी. कंपनीने निर्णय घेतलेला असतो, फक्त नंबरप्लेटची जागा, आरसे आणि खरा सायलेन्सर अजून लावलेला नसतो.

अप्रिलियाने २०१८ मध्ये दाखवलेली आरएस ६६० कॉन्सेप्ट तिसऱ्या प्रकारात मोडते. मोटो गुत्सीने २००९ मध्ये दाखवलेल्या व्ही-१२ नावाच्या तीन गाड्या पहिल्या प्रकारातल्या. दोन्हींना एकाच मापाने मोजलं तर एकीवर अन्याय होतो. मत देण्याआधी हा फरक ओळखायला शिका. फोटोत ब्रेकच्या नळ्या, वायरिंग, रेडिएटरचे होस दिसतायत का ते बघा. ते जागेवर असतील तर गाडी रस्त्याच्या बरीच जवळ आली आहे.

सगळं मिलानमध्येच का दाखवतात?

मिलानच्या प्रदर्शनाचं नाव एइक्मा. पहिलं भरलं १९१४ मध्ये. आता ते शहराबाहेर रो इथल्या मोठ्या प्रदर्शन संकुलात भरतं. इटलीतल्या मोटारसायकल कंपन्यांचं हे घरचं अंगण आहे, त्यामुळे महत्त्वाची गाडी शक्यतो इथेच समोर येते. नेहमी मात्र नाही. मूळ डुकाटी मॉन्स्टर १९९२ मध्ये कोलोनला दिसली होती, आणि डुकाटीच्या स्पोर्टक्लासिक मालिकेच्या कॉन्सेप्ट २००३ मध्ये थेट टोकियोला.

उलटही खरं आहे: मिलानमध्ये दिसली म्हणजे गाडी इटालियन झाली असं नाही. हुस्क्वार्नाची व्हिटपिलेन ४०१ कॉन्सेप्ट २०१४ मध्ये याच प्रदर्शनात होती. तिचं डिझाइन ऑस्ट्रियात झालं आणि पुढे ती बनली आपल्या चाकणला.

पट्टीचे चाहते फोटोत आधी काय बघतात?

नवखा माणूस रंग आणि पुढचा दिवा बघतो. जुना माणूस मागच्या चाकापाशी थांबतो. चाक कशाने धरलंय, सायलेन्सर कुठून बाहेर पडतोय, सीट आणि टायर यांच्यामध्ये किती हवा आहे. मग फ्रेम, मग इंजिन किती उघडं आहे ते, आणि दिवा शेवटी.

ही नजर एका गाडीने घडवली: डुकाटी ९१६. ती मिलानमध्ये १९९३ साली आली आणि १९९४ च्या हंगामासाठी विक्रीला निघाली. डिझाइन मास्सिमो तांबुरिनी यांचं, डुकाटीची तेव्हाची मालक कंपनी कॅजिवा हिच्या सान मारिनोतल्या संशोधन केंद्रात झालेलं. मी ही गाडी पहिल्यांदा जवळून पाहिली ती पुण्यात, एका परिचितांच्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये. त्यांनी कव्हर काढलं आणि मी पुढे न जाता मागे गेलो, उकिडवा बसलो. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा हात, एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूने बघावं तर चाक हवेत टेकवून ठेवल्यासारखं, मधोमध एकच मोठा नट. वर सीटखाली दोन सायलेन्सर शेजारी शेजारी, जणू शेपटीतूनच उगवलेले. त्यांच्या आणि टायरच्या मधल्या जागेत हाताचा पंजा सहज जात होता. ती मोकळी जागाच त्या गाडीचं सौंदर्य आहे असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही तेच वाटतं. फोटोत नुसता आकार येतो, ती हवा येत नाही.

तांबुरिनी मूळचे हीटिंग आणि हवेच्या डक्टच्या धंद्यातले. बियांकी, मोर्री आणि तांबुरिनी या तीन भागीदारांच्या आडनावांची पहिली अक्षरं जोडून रिमिनीत बिमोता हे नाव झालं, आणि त्याच धंद्यातून १९७३ मध्ये मोटारसायकल बनवणारी बिमोता उभी राहिली. ज्या माणसाने आयुष्याची सुरुवात पाइप कुठून कुठे न्यायचा या प्रश्नाने केली, त्याने पुढे सायलेन्सर सीटखाली नेला. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. पुढे १९९७ मध्ये एमव्ही अगुस्ता एफ-४ आली आणि तिच्या सीटखाली चार नळ्या ऑर्गनच्या पाइपसारख्या मांडलेल्या होत्या. तीही त्यांचीच.

डुकाटी ९९९ ला लोकांनी एवढं का नाकारलं?

कारण ती ९१६ नंतर आली. दुसऱ्या कुणाच्या नंतर आली असती तर तिचं नशीब वेगळं असतं, असं मला मनापासून वाटतं.

पिएर टेरब्लांश यांनी तिचे दोन दिवे एकावर एक ठेवले, शेजारी शेजारी नाही. बाजूच्या पॅनेलवर कापल्यासारख्या रेषा आणि फटी दिल्या. स्विंगआर्म दोन्ही बाजूंचा केला. २००२ मध्ये फोटो आले आणि चाहत्यांनी त्याच दिवशी निकाल देऊन टाकला. आता दुसरी बाजू ऐका. या गाडीत फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्या, वरखाली करता येत होते, सीट आणि टाकी पुढेमागे सरकवता येत होती, स्वाराला बसायला जागा जास्त होती. ट्रॅकवर तिने वर्ल्ड सुपरबाइक या शर्यतमालिकेची तीन विजेतेपदं घेतली: २००३ मध्ये नील हॉजसन, २००४ मध्ये जेम्स टोसलंड, २००६ मध्ये ट्रॉय बेलिस. जी गाडी इतकी जिंकते तिला वाईट गाडी म्हणता येत नाही.

तरीही ती खपली नाही तशी. २००७ साठी आलेल्या १०९८ मध्ये डुकाटीने आडवे दिवे परत आणले आणि एका बाजूचा स्विंगआर्मही परत आणला. चाहत्यांचं मत कंपनीने ऐकल्याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही. तरी माझं मत असं की चाहते तेव्हा अर्धेच बरोबर होते. पुढून ती गाडी आजही मला जमत नाही. बाजूने मात्र, विशेषतः पिवळ्या रंगात, तिच्यावर एकही रेघ उगाच ओढलेली नाही. गेल्या काही वर्षांत ९९९ च्या बाजूने बोलणारे वाढलेत, आणि त्यांत तेव्हा शिव्या देणारेही आहेत. वीस वर्षांनी बदलणारं मत पहिल्या दिवशी इतकं ठासून मांडायची गरज होती का, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

मग पानिगाले व्ही-४ च्या स्विंगआर्मवरून पुन्हा तेच का झालं?

जुलै २०२४ मध्ये डुकाटीने नवी पानिगाले व्ही-४ दाखवली आणि तिचा स्विंगआर्म पुन्हा दोन्ही बाजूंचा होता, मधून पोकळ. ज्यांच्यासाठी एका बाजूचा आर्म हीच डुकाटीची खूण होती त्यांना ते लागलं. त्यांचं दुःख मी समजू शकतो. मी त्याच पार्किंगमध्ये उकिडवा बसलेला माणूस आहे.

पण कारण खरं आहे. एका बाजूच्या आर्मला दोघांचं काम एकट्याने करायचं असतं, म्हणून तो जाड आणि जड होतो. शिवाय वळणात गाडी खूप कललेली असताना सस्पेन्शन खड्डा पचवू शकत नाही, कारण ते वरखाली हलतं आणि धक्का बाजूने आलेला असतो. तिथे फ्रेम आणि आर्म यांनीच थोडं लवचीक व्हावं लागतं. नव्या आर्मचा बाजूचा ताठरपणा त्यासाठी मुद्दाम कमी केलाय. म्हणजे इथे डिझाइन टायरच्या पकडीमागे गेलं आहे. सुपरबाइकमध्ये तसंच व्हायला हवं. रस्त्यावर फिरवायच्या, डोळ्यांना सुखावणाऱ्या गाडीत मात्र मी एका बाजूचाच मागेन.

मॉन्स्टरबद्दल हाच वाद २०२१ मध्ये झाला. नळ्यांची जाळीदार फ्रेम म्हणजे मॉन्स्टर, असं तीस वर्षांचं समीकरण होतं. तिच्या जागी ॲल्युमिनियमची छोटी पुढची फ्रेम आली आणि फ्रेमचंच वजन साडेचार किलोने कमी झालं. इथे मी नाराजांच्या बाजूचा आहे. सुपरबाइकला दशांश सेकंद हवे असतात, मॉन्स्टरला चेहरा हवा असतो. मिगेल गालुत्सी यांनी मूळ मॉन्स्टर केली तेव्हा ती घरातल्याच सामानातून जुळवलेली होती: सुपरबाइकची फ्रेम, स्पोर्ट गाडीचं एअरकूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारं, इंजिन, वर एक फुगीर टाकी, एक गोल दिवा आणि बस. जे होतं ते सगळं दिसत होतं. झाकायचं काही नव्हतं म्हणून ती सुंदर होती.

‘इटालियन डिझाइन’ करणारे सगळे इटालियनच असतात का?

अजिबात नाही, आणि हे ऐकून बरेच जण चकित होतात. गालुत्सी अर्जेंटिनाचे. टेरब्लांश दक्षिण आफ्रिकेचे. एमव्ही अगुस्ताची एफ-३ आणि सुपरवेलोचे करणारे एड्रियन मॉर्टन ब्रिटिश. अप्रिलिया आणि गुत्सी ज्या पियाजो समूहाच्या, त्याचं एक डिझाइन केंद्र अमेरिकेत पासाडेनाला आहे.

मग इटालियन काय उरतं? माझ्या मते एक हट्ट उरतो: यंत्र लपवायचं नाही. आणि तो हट्ट टिकवणारी छोटी छोटी वर्कशॉप बोलोन्या, रिमिनी, वारेसे या भागांत आजही आहेत, जिथे फूटपेगचा कंसही कुणीतरी हातात धरून, उलटासुलटा करून बघतं.

कुठल्या कॉन्सेप्ट खरोखर रस्त्यावर आल्या?

बऱ्याच आल्या, आणि त्यातल्या काही येताना चक्क सुधारल्या.

डुकाटी हायपरमोटार्ड २००५ मध्ये मिलानला दिसली, प्रदर्शनातली सर्वोत्तम गाडी ठरली आणि २००७ मध्ये विक्रीला आली. गुत्सीची व्ही-८५ टीटी २०१७ मध्ये कॉन्सेप्ट होती, २०१९ मध्ये लोक तिच्यावर सामान बांधून फिरायला निघाले होते. एमव्ही अगुस्ता सुपरवेलोचे २०१८ मध्ये कॉन्सेप्ट म्हणून आली. गोल दिवा, टाकीवरून गेलेला चामड्याचा पट्टा, सत्तरच्या दशकातल्या रेसिंग गाडीची आठवण, आणि आत आजचं तीन सिलिंडरचं इंजिन. जुन्याची नक्कल न करता जुन्याची आठवण कशी द्यावी, हे शिकायचं असेल तर ही गाडी बघा.

डुकाटी डेझर्टएक्सची गोष्ट मला सगळ्यात आवडते. २०१९ च्या कॉन्सेप्टमध्ये डुकाटीच्याच स्क्रॅम्बलर या गाडीचं ११०० सीसीचं एअरकूल्ड इंजिन होतं. पुढे दोन गोल दिवे आणि डाकार रॅलीतल्या कॅजिवा एलेफांटची उघड आठवण. ती एलेफांट डुकाटीच्याच इंजिनावर धावायची, आणि एदी ओरिओली यांनी तिच्यावर १९९० आणि १९९४ ची डाकार जिंकली होती. २०२१ च्या अखेरीस विक्रीची गाडी समोर आली तेव्हा इंजिन बदललेलं होतं: ९३७ सीसीचं, पाण्याने थंड होणारं, ११० हॉर्सपॉवरचं. पुढे २१ इंची चाक, मागे १८. चेहरा तोच राहिला. काही जणांना एअरकूल्ड इंजिनाचा साधेपणा हवा होता. मला वाटतं कंपनीने बरोबर केलं. कॉन्सेप्टने आठवण जागवली, आणि खऱ्या गाडीने खडकाळ रस्त्यावर जाण्याची ताकद दिली. दोन्ही कामं एकाच इंजिनाकडून झाली नसती.

आरएस ६६० ने तर फारसं काही गमावलंच नाही. कॉन्सेप्टवरची दुहेरी फेअरिंग, म्हणजे एका पॅनेलवर दुसरं पॅनेल आणि मधून वाहणारी हवा, ती तशीच विक्रीच्या गाडीत आली.

आणि ज्या आल्या नाहीत त्यांचं काय?

गुत्सीच्या त्या २००९ च्या तीन व्ही-१२ अजून कुणाच्या तरी मनात असतील. गालुत्सी आणि टेरब्लांश या दोघांचाही हात लागलेल्या. ले मां, स्ट्राडा आणि एक्स अशी नावं, एकच यंत्र आणि तीन स्वभाव. लोकांनी डोक्यावर घेतलं आणि एकही बनली नाही. अशा गाड्या वाया गेल्या असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. गुत्सीचं आडवं व्ही-ट्विन इंजिन, ज्याचे दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर डोकावतात, ते आधुनिक गाडीतही शोभतं हे त्या तिघींनी दाखवलं. २०२१ मध्ये व्ही-१०० मांडेल्लो आली. तिच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना वेगानुसार उघडणारे पंख आहेत, म्हणजे हवा वळवणाऱ्या झडपा. गुत्सीवर असं काही करायचं धाडस एका रात्रीत येत नाही.

एमव्ही अगुस्ताने नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पाच सिलिंडरचं इंजिनच कॉन्सेप्ट म्हणून मांडलं. गाडी नाही, नुसतं इंजिन. चाहते त्याच्याभोवती गोळा झाले यात मला नवल वाटत नाही.

“सुंदर आहे” म्हणणारे चाहते गाडी विकत घेतात का?

हा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न. उत्तर: कधी लगेच, कधी फार उशिरा.

एमएच९००ई घ्या. रेसर माइक हेलवूड यांनी १९७८ मध्ये आइल ऑफ मॅनवर डुकाटीवरून मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून टेरब्लांश यांनी ती केली आणि १९९८ मध्ये म्युनिकला दाखवली. आरशांऐवजी मागे कॅमेरा, सायलेन्सरच्या टोकात इंडिकेटर. लोक इतके वेडे झाले की डुकाटीने ती १ जानेवारी २००० रोजी थेट इंटरनेटवर विकायला काढली, किंमत १५,००० युरो, एकूण २००० गाड्या. तेव्हा इंटरनेटवरून मोटारसायकल घेणं ही कल्पनाच नवी होती, तरी लोकांनी झडप घातली. कॅमेरा मात्र विक्रीच्या गाडीत आला नाही.

आता उलट उदाहरण. स्पोर्टक्लासिक मालिका टोकियोत बघून सगळे म्हणाले, हीच हवी. गाड्या बाजारात आल्या आणि अपेक्षेइतक्या विकल्या गेल्या नाहीत. काही वर्षांनी उत्पादन थांबलं. त्यानंतर सेकंडहँड बाजारात त्यांचे भाव चढले. ज्यांनी कौतुक केलं होतं त्यांना शोरूमपर्यंत पोचायला दहा वर्षं लागली, आणि तोवर शोरूममधून गाडी गेली होती. एखादी कॉन्सेप्ट मनापासून आवडली आणि ऐपत असेल तर ती आल्यावर घ्या, एवढंच मी सांगेन. कौतुकावर कारखाना चालत नाही.

मोटारींचे मोठे डिझाइनर बाइक करायला गेले तर काय होतं?

बहुतेक वेळा अडखळतात. जॉर्जेत्तो जुजारो यांनी डुकाटी ८६० जीटी केली, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. कोनदार टाकी, सरळ रेषा. मोटारीवर त्या रेषा क्रांती ठरल्या होत्या. मोटारसायकलवर लोकांना त्या परक्या वाटल्या आणि डुकाटीला लवकरच दुसरीकडे वळावं लागलं. पिनिनफारिना या मोटार डिझाइन कंपनीने नव्वदच्या दशकात मोर्बिदेल्ली व्ही-८ ला अंग दिलं. आत आठ सिलिंडरचं अद्भुत इंजिन होतं आणि चाहत्यांना बाहेरचं आवरण सहन झालं नाही. हीच पिनिनफारिना २०१५ मध्ये मुंबईच्या महिंद्राने घेतली. मोटारींचे नव्हे, तर फर्निचरसाठी ओळखले जाणारे डिझाइनर फिलिप स्टार्क यांनी १९९५ मध्ये अप्रिलियासाठी मोटो ६.५ केली. ती मला आवडते, पण ती बाइकपेक्षा खुर्चीच्या जवळची आहे असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही.

कारण सोपं आहे. मोटारीत यंत्र झाकायचं असतं आणि माणूस आत बसतो. बाइकवर यंत्र उघडं असतं आणि माणूस वर बसतो. तो बसल्याशिवाय चित्र पुरंच होत नाही. टाकीचा आकार गुडघ्यांना विचारून ठरवावा लागतो.

कॉन्सेप्टमधून शोरूमपर्यंत येताना काय काय गळतं?

शेपटी जाड होते, कारण नंबरप्लेट आणि दिवा कुठेतरी लटकवावाच लागतो. आरसे येतात. सायलेन्सर फुगतो. युरो-५ या प्रदूषणाच्या नियमांत बसायचं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, मोठा लागतो आणि तो बहुधा इंजिनाच्या पोटाखाली डब्यासारखा बसवावा लागतो. रेडिएटर वाढतो. बेनेल्लीच्या टोर्नाडो त्रे मध्ये एड्रियन मॉर्टन यांनी रेडिएटर चक्क सीटखाली शेपटीत नेला होता, मागे दोन पिवळे पंखे. असा मार्ग काढणारे डिझाइनर थोडे.

भारतात आणखी एक गोष्ट लागते. मागे बसणाऱ्याच्या कपड्यांसाठी चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण, म्हणजे आपला साडी गार्ड, आणि धरायला हँडल. मिलानमध्ये हवेत तरंगणाऱ्या शेपटीवर इथे हे बसतं. पुष्कळ जण डिलिव्हरीच्या दिवशीच ते काढून टाकतात. मी काढू नका म्हणेन. माझी आई आणि मावशी दोघी बाजूला पाय टाकून स्कूटरवर बसून वाढल्या, पदर चाकात जाणं म्हणजे काय हे त्यांना विचारा.

चिनी मालकी आली की डिझाइन इटालियन राहतं का?

पेसारोची बेनेल्ली २००५ पासून चिआनजिआंगकडे आहे, मोटो मोरिनी २०१८ पासून झोंगनेंगकडे. चाहत्यांत यावरून कडवट बोललं जातं. मी गाडी बघून ठरवतो. स्केच इटलीत होतं, पैसा आणि कारखाना दुसरीकडे, हे आता सर्रास आहे. तो पैसा नसता तर यातली काही नावं फक्त संग्रहालयात उरली असती.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि तो नावापुरता नाही. बजाजने १९६० पासून व्हेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बनवल्या. १९७२ मध्ये चेतक आली, तिचा साचा व्हेस्पाचाच. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीने लग्नात, बदलीत, दवाखान्यात जी गाडी चालवली ती मुळात इटालियन रेषांची होती, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पुण्याच्या कायनेटिक समूहाने २०१६ मध्ये मोटोरॉयल या नावाने एमव्ही अगुस्ता भारतात आणली होती.

आणि बारामती. पियाजोच्या तिथल्या कारखान्यात २०१२ पासून व्हेस्पा बनते, आणि आता अप्रिलिया आरएस ४५७ सुद्धा. डिझाइन इटलीतल्या नोआलेचं, गाडी बारामतीची, आणि इथून ती परदेशात जाते. डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात वागातोरला इंडिया बाइक वीकमध्ये तिची किंमत जाहीर झाली, ४ लाख १० हजार. मी त्या गर्दीत होतो. पुढे एक मुलगा, विशीतला, गाडीशेजारी खाली बसून ॲल्युमिनियमच्या फ्रेमवरून बोट फिरवत होता. मित्राला म्हणाला, “अरे, वेल्डिंग बघ.” त्याला किंमत नंतर कळली. हीच ती नजर, जिच्याबद्दल मी वर लिहिलं. तिच्यासाठी इटलीत जन्मावं लागत नाही.

नावं कशी उच्चारायची?

दुकाती, गुत्सी, बिमोता, मांदेल्लो. ‘डुकाटी’ आपल्याकडे रुळलंय, मीही तेच लिहितो. पण इटालियन माणसासमोर मऊ ‘त’ म्हणून बघा, त्याचा चेहरा खुलतो. देवनागरीत हा ‘त’ आपल्याला आयताच मिळालाय.

नव्या कॉन्सेप्टबद्दल मत कसं द्यावं?

एक: पुढून काढलेल्या फोटोवर कधीच नको. सगळ्या गाड्या पुढून रागीट दिसतात. बाजूचा फोटो शोधा, तोही जमिनीलगतचा नाही तर कमरेच्या उंचीवरचा. स्वार बसलेला फोटो मिळाला तर उत्तमच.

मग मनातल्या मनात गाडी चालवा. हँडल पूर्ण वळलं तर टाकीला लागेल का? ट्रॅफिकमध्ये सायलेन्सरची धग मांडीला बसेल का? साखळीला तेल द्यायचं तर हात जाईल का? बिमोताच्या तेझीसारखी पुढचं चाक फोर्कऐवजी आर्मने धरणारी गाडी असेल तर ती वळते कशी, हे आधी समजून घ्या. ‘तेझी’ म्हणजे प्रबंध. ती कल्पना पिएरलुइजी मार्कोनी यांच्या विद्यापीठातल्या प्रबंधातून आली, म्हणून ते नाव. अशा गाडीला “विचित्र” म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

आणि पहिलं मत लिहून ठेवा, तारखेसकट. पाच वर्षांनी वाचा. माझ्या वहीत ९९९ च्या नावापुढे एक शब्द आहे जो मी आज लिहिला नसता.

इटलीला जाणं झालं तर या गाड्या कुठे बघायला मिळतील?

डुकाटीचं संग्रहालय बोलोन्याजवळ बोर्गो पानिगालेला, कारखान्यातच आहे. गुत्सीचं मांदेल्लो देल लारिओला, कोमो सरोवराच्या काठी. मिलानहून रेल्वेने जाता येतं. आधी वेळ ठरवून जा. डुकाटीच्या संग्रहालयात ९१६ समोर आली की सगळे पुढून फोटो काढतात. तुम्ही मागे जा, जिकडे आर्म नाही त्या बाजूला, आणि खाली बसा.